सातवी फीत

विमान टेकलं तेव्हा मी जीपच्या बॉनेटवर बसले होते. तिथं बसायचं नाही असं मला शंभर वेळा सांगून झालं होतं. पंक्चरकाका आत स्टेअरिंग धरून बसले होते. ते आमचे ड्रायव्हर. बोलायला लागले की मधेच त्यांची हवा जाते आणि ते गप्प होतात, म्हणून पंक्चर. मला सगळे ठसका म्हणतात, त्याचं कारण सांगायला नको.

आमचं दोघांचं काम एकच. लढाऊ विमान उतरलं की त्याच्या शेपटीतून एक छत्री सुटते, पॅराशूटच असतं ते, पण आमच्यात सगळे छत्रीच म्हणतात. ती फुगते, विमानाला मागं खेचते, वेग उतरतो. धावपट्टीच्या टोकाला पायलट ती टाकून देतो. मग मी पळत जायचं, तिला कवेत गोळा करायचं आणि जीपमध्ये कोंबायचं, मागचं विमान यायच्या आत. वारा असला की ती माणसाला ओढत नेते. माझे दोन्ही गुडघे बघितले की कळेल.

मी नेहमी मोजते. चाकं टेकली की एक, दोन, तीन. हा पायलट तीनला छत्री सोडतो. कधी चार नाही, कधी दोन नाही. त्याला आम्ही सलामवाला म्हणायचो, कारण आमच्या समोरून जाताना तो काचेमागून दोन बोटं कपाळाला लावायचा. बाकीच्यांना आम्ही दिसायचोच नाही. जीप आणि तिच्यावरची पोरगी म्हणजे त्यांच्यासाठी खांब.

एक, दोन, तीन. छत्री बाहेर आली.

फुगली नाही.

"काका, फुगत नाहीये."

"फुगेल, फुगेल."

"काका, बघा तरी!"

पिळून ठेवलेला टॉवेल असतो तशी ती विमानामागं सरळ लोंबत होती. विमान आमच्या समोरून गेलं. एवढ्या वेगात ते इथून कधीच जात नाही. चाकांमधून धूर निघाला, आधी पांढरा, मग काळा. टोकाला वळायचं असतं तिथं ते वळलंच नाही. डावीकडं घसरलं, कडेचे दोन दिवे उडवले आणि मातीत शिरलं. पुढचं चाक मोडलं. नाक खाली गेलं, शेपूट वर आली, आणि मला वाटलं आता उलटणार. उलटलं नाही. धप्पकन परत खाली बसलं.

मग काही क्षण नुसती धूळ. आवाज बंद. मी बॉनेटवर उभी होते, कधी उभी राहिले ते आठवत नाही.

आगीच्या गाड्या निघाल्या, ॲम्ब्युलन्स निघाली. मी विमानाकडं पळालेच नाही. माझे पाय रोजच्या सवयीनं छत्रीकडं गेले. विमान कडेवरून उतरताना ती तुटून चरात पडली होती, चिखलात.

"ठसके, हात लावू नको!" काका मागून ओरडले. "अपघात झाला की कशाला हात लावायचा नसतो!"

पण तोवर मी गुडघ्यावर बसले होते. कापड दोन ठिकाणी फाटलं होतं. दोऱ्यांचा जुडगा एकत्र आवळलेला होता, तिथं बोट घातलं, आणि दिसली. पिवळी फीत. करंगळीएवढी रुंद, दोन्ही कडांना बारीक हातशिलाई.

ती शिलाई मी लहानपणापासून बघत आलेय. माझ्या शाळेच्या दप्तराला होती. आमच्या पडद्यांना आहे. आईची.

मी गाठ ओढली, फीत काढली आणि बुटात घातली. दोन सेकंदांचं काम. काका जवळ आले तेव्हा मी उभी राहिले होते.

"काय उचललंस?"

"खडा होता."

काकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांची हवा गेली.

*

आई घडीघरात काम करते. छत्र्या धुऊन, वाळवून तिथं येतात आणि लांबच लांब टेबलावर त्यांच्या घड्या घालतात. चार बाया, चार टेबलं. घडी घालताना दोऱ्या इकडंतिकडं सरकू नयेत म्हणून त्यांना तात्पुरत्या फिती बांधतात. सहा जागी सहा फिती. घडी पिशवीत जायच्या आधी एकेक फीत सोडायची आणि टेबलाशेजारच्या पाटीवर खिळ्याला अडकवायची. पाटीवर सहा खिळे. सहाही भरले तरच पिशवीचं तोंड शिवायचं. एखादी फीत आत राहिली तर छत्री फुगणारच नाही. प्रत्येकीच्या फितीचा रंग वेगळा, म्हणजे चूक कुणाची ते लगेच कळावं. आईचा पिवळा.

दुसरा एक नियम आहे, तो कुठं लिहिलेला नाही. टेबलावरून हात सुटला की घडी मोडायची. कुणी हाक मारू दे, छत कोसळू दे, परत आलीस की पहिल्यापासून. आई घरी पण तशीच. कणीक मळताना दार वाजलं तर मला पाठवते, स्वतः हलत नाही.

पण त्या दिवशी सकाळी ती हलली होती. माझ्यामुळं.

सुपरवायझरशी माझं वाजलं होतं. मी हेल्मेट न घालता धावपट्टीच्या कडेला बसलेली त्याला दिसले. तो म्हणाला, "शाळेत टिकली नाहीस, इथं काय टिकणार? आईच्या पदराला धरून आलीस आणि तोरा बघा." मी हेल्मेट त्याच्या टेबलावर आपटलं. त्याचा चहा सांडला, त्याच्या कागदांवर. "उद्यापासून येऊ नकोस," तो म्हणाला. "आजपासूनच नाही येत!" मी म्हणाले, आणि तरातरा घडीघरात गेले.

दारात आत यायला मनाई अशी रेघ आहे. मी ती ओलांडून आईच्या टेबलाशी गेले आणि सुरू झाले. तो असा म्हणाला, तो तसा म्हणाला, मी काय त्याची नोकर आहे का. आईचे हात घडीवर होते. तिनं मान वर केली नाही.

"आवाज खाली."

"तू त्याचीच बाजू घेणार!"

"मी कुणाची बाजू घेत नाहीये, मी घडी घालतेय."

"घाल मग! मी चालले घरी."

तेव्हा तिनं हात उचलले. मला तिथंच उभं केलं, कशाला हात लावू नकोस म्हणाली आणि सुपरवायझरकडं माझ्यासाठी बोलायला गेली. मी उभी राहिले. उभं राहणं मला जमत नाही. माझे हात काहीतरी शोधतात. मी टेबलाच्या कडेला नखानं टोकरलं, कात्री उघडली, मिटली. टेबलावर पडलेली एक फीत पाटीवर अडकवली. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "ठसके, हाताला खाज आहे का?" मी म्हणाले, "आहे, खाजवून देता?" ती हसली.

आई परत आली. "जा जीपवर. माफी मागितलीय मी तुझ्या वतीनं." बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती, विमानावर छत्री चढवायची होती, उशीर झाला होता. तिनं पाटीकडं एक नजर टाकली आणि पिशवी ओढली. मी पाय आपटत बाहेर पडले.

ती छत्री दुपारी सलामवाल्याच्या विमानात होती.

*

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत झालं होतं. सलामवाला जिवंत आहे, पाठीच्या मणक्याला लागलंय, ऑपरेशन चालू आहे. चूक त्याचीच. कँटीनमध्ये विमानांत इंधन भरणारा टँकरवाला सगळ्यांना समजावत होता.

"वेगात असताना छत्री सोडली की फाटणारच. एवढं पोराटोरांना कळतं."

"आणि आता काय होणार?"

"काय होणार? पाठ बरी झाली तरी विमानाला हात लावू देणार नाहीत. चौकशी उद्या आहे, पण ती नावाला."

"त्यानं तीनला सोडली," मी म्हणाले.

"काय?"

"टेकल्यावर तीनला सोडली. रोजच्यासारखी. तुम्ही होतात का तिथं? टँकरखाली झोपला होतात ना?"

"ए, ठसका लागला हिला, पाणी द्या रे कुणीतरी!"

सगळे हसले. मी खुर्ची लाथेनं सरकवली आणि निघाले. चालताना फीत बुटात तळव्याखाली येत होती. काढून फेकली असती तर संपलं होतं. वाटेत नाला लागतो, त्याच्या कठड्याशी मी थांबलेसुद्धा. बुटाची लेस सोडली. परत बांधली. का ते मला तेव्हा कळलं नाही, आता पण नीट सांगता येत नाही.

मी स्वतःला सांगत होते, आईला वाचवलंय. एकवीस वर्षं झाली तिला तिथं. नवीन बायांना तीच शिकवते. तिच्या हातची घडी म्हटलं की पायलट निवांत असतात असं मोठे साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, आणि आईनं घरी येऊन तेच मला तीन वेळा सांगितलं होतं, दर वेळी वेगळं काहीतरी सांगितल्यासारखं. ती चुकली असं कुणी म्हणालं तर ती जगेल, पण कशी?

घरी आले तेव्हा आई पलंगावर बसली होती. घरात आम्ही दोघीच. दिवा लावला नव्हता. तिच्या मांडीवर कामाचा ॲप्रन होता आणि ती त्याचे खिसे उलटे करत होती. उलटे करून झालेले परत उलटे करत होती.

"काय शोधतेस?"

"काल दोन नव्या फिती शिवल्या होत्या. तू बघितलंस ना शिवताना. सकाळी दोन्ही खिशात होत्या." तिनं हात उघडला. एक पिवळी फीत, कोरी करकरीत. "दुसरी कुठंय?"

"पडली असेल. एका फितीचं काय घेऊन बसलीस."

"एक जुनी विरली होती. ती बदलायची म्हणून मी नवी काढून टेबलावर ठेवली." ती माझ्याशी बोलत नव्हती, टेबलाशी बोलत होती. "मग तू आलीस. मग मी गेले. परत आले तेव्हा खिळे सहाच्या सहा भरलेले होते. मी बघितलं. भरलेले होते. म्हटलं शेवटची पण सोडूनच गेले होते मी."

"मग झालं तर! भरलेले होते ना? मग तुझी काय चूक?"

"घडी मोडायला पाहिजे होती. हात सुटला होता."

"आई, तो पायलट वेगात आला, सगळे म्हणतायत."

"कोण सगळे?"

"टँकरवाला."

"आणि तू? तू तिथं होतीस. तू मोजतेस ना रोज? किती होते?"

मी बुटाची लेस सोडायला वाकले.

"किती होते ठसके?" ती मला ठसका कधीच म्हणत नाही.

"तीन."

"छत्री उघडली?"

"नाही."

"पिळल्यासारखी होती का?"

माझं डोकं फिरलं. "हो! होती! पिळल्यासारखी! आणि आता कुणाला काही सापडणार नाही, कारण मी काढलीय! तुझ्यासाठी काढलीय, कळलं? तुला वाचवलंय मी!" मी बूट काढला आणि फीत तिच्या मांडीवर फेकली. घामानं ओली, चिखलाची.

आई ओरडेल असं वाटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं उठून दिवा लावला. फीत नळाखाली धरली, दोन बोटांनी चिखल काढला, परत येऊन ती उजेडात धरली. एक टोक विरलेलं होतं, धागे सुटलेले.

"ही जुनी," ती म्हणाली.

"मग?"

"ही आत राहिली. म्हणजे पाटीवर पाचच असणार. सहावी कुठून आली?"

मला अजूनही कळलं नव्हतं, शपथ. मी तोंड उघडलं होतं काहीतरी बोलायला. आणि मग माझ्याच हाताकडं माझं लक्ष गेलं. कात्री. टेबलाची कड. पडलेली फीत.

मी खाली बसले. जमिनीवरच.

आईनं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. तिला कळलंय हे मला दिसलं. जुनी फीत तिनं दोरीवर वाळत घातली, आमच्या कपड्यांच्या शेजारी, दोन चिमटे लावून.

"जेवून घे," ती म्हणाली.

कुणीच जेवलं नाही.

*

सकाळी ती मला उठवायच्या आधीच तयार होती. फीत घडी करून रुमालात. मी पण बूट घातले.

"तू कशाला येतेस?"

"छत्रीपाशी पहिली मी पोचले. मला पण बोलावलंय."

दारात तिनं माझा हात धरला. "हे बघ. फीत तू काढलीस, घाबरून काढलीस, तेवढं सांग. बाकी मी सांगेन. टेबल माझं, पाटी माझी. तिथं कोण उभं होतं हे कुणी विचारणार नाही. कळलं?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच माहीत नव्हतं.

चौकशीच्या खोलीत तीन अधिकारी होते. मधे एक मॅडम, चष्मा डोक्यावर सरकवलेला. सुपरवायझर भिंतीला टेकून उभा, आज चहाशिवाय. टेबलावर घडीघराची पाटी, प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद. अपघात झाल्याझाल्या घडीघराला कुलूप लावलं होतं, त्यामुळं पाटी होती तशीच होती. सहा खिळे, सहा पिवळ्या फिती.

आईनं रुमाल उघडून जुनी फीत पुढं ठेवली. ती उभीच होती. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"ही छत्रीत होती. माझी आहे. मी घडी घालताना मधे उठले आणि परत येऊन घडी मोडली नाही. नवी फीत बदलायला काढली होती, ती चुकून माझ्याच हातून पाटीवर लागली. खिळे भरलेले दिसले, मी पिशवी शिवली. पायलटची यात काही चूक नाही."

लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचं पेन थांबलं. सुपरवायझर भिंतीपासून सरळ झाला.

"ही तुमच्याकडं कशी आली?" मॅडमनी विचारलं.

"मी काढली," मी म्हणाले. "चरात. कुणी बघायच्या आत. आईची आहे हे ओळखलं म्हणून."

"ह्याचा अर्थ कळतो तुला? तुझ्यामुळं आम्ही आज एका माणसाचं करिअर संपवून इथून उठलो असतो."

"कळतो."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पाटीवर वाकल्या. मग आईकडं बघितलं. "एकवीस वर्षांत तुम्ही कधी छत्रीवरून न सोडलेली फीत पाटीवर लावली आहे?"

"नाही."

"मग काल कशी लागली?"

"लागली," आई म्हणाली. "माणूस चुकतो."

तिचा आवाज एवढा सपाट मी कधी ऐकला नव्हता. तिला खोटं बोलता येत नाही. ती खोटं बोलताना फक्त हळू बोलते. मला तिचा राग आला, खरंच सांगते, एवढा राग मला सुपरवायझरचा पण आला नव्हता. कोण म्हणालं होतं हिला?

"तिनं नाही लावली. मी लावली."

"गप्प बस," आई म्हणाली.

"नाही बसत! मॅडम, मी रेघ ओलांडून आत गेले होते. मी भांडून आले म्हणून आई उठली. ती म्हणाली कशाला हात लावू नकोस. मी लावला. फीत टेबलावर पडली होती, खिळा रिकामा होता, मी अडकवली. काही विचार केला नाही. उभं राहवत नाही मला म्हणून अडकवली. तिला माहीतच नव्हतं. काल संध्याकाळी कळलं."

मॅडमनी पिशवीचं सील कापलं आणि पाटी माझ्यासमोर सरकवली.

"कुठल्या खिळ्याला?"

मला शोधावं लागलं नाही. पाच फिती धुऊन धुऊन फिक्या झालेल्या. खालून दुसरी झगझगीत पिवळी. मी बोट ठेवलं.

मॅडमनी ती नवी फीत काढली आणि त्या खिळ्यावर जुनी लावली. पाटी भरली. सातवी फीत त्यांच्या हातात उरली. त्यांनी ती इकडंतिकडं वळवून बघितली, आईची शिलाई बघितली असेल, आणि कागदांवर ठेवली.

"दोघींची चूक वेगवेगळी लिहिली जाईल," त्या म्हणाल्या. "तुमचं टेबल आजपासून बंद. पुढचं वरून ठरेल. तू यापुढं धावपट्टीवर दिसायची नाहीस."

आईनं मान हलवली. मी पण.

"अजून एक. तो शुद्धीवर आल्यापासून एकच विचारतोय, मी छत्री लवकर सोडली का. टॉवरवरच्यांना नक्की सांगता येत नाही. तुला सांगता येईल?"

"तीनला सोडली. टेकल्यावर एक, दोन, तीन. रोज तीनलाच सोडतो."

"रोज मोजतेस?"

"रोज."

"लिही."

माझं अक्षर घाण आहे. शाळा सोडल्यापासून हातात पेन धरलं नव्हतं. मी कागदावर वाकून लिहिलं आणि आई माझ्या खांद्यावरून एकेक शब्द वाचत राहिली. तिनं एकदाही टोकलं नाही. खाली मी सही केली. साक्षीदार म्हणून दुसरी सही लागत होती. सुपरवायझर पुढं आला आणि त्यानं केली. माझ्याकडं बघितलं नाही, पण केली.

बाहेर पंक्चरकाका जीप घेऊन उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आईनं ॲप्रन काढला, टेबलावर घालावी तशी त्याची घडी हवेतच घातली, मांडीवर घेऊन पुढं बसली. मी मागं, जिथं छत्र्या टाकायचो तिथं.

"घरी सोडू?" काकांनी विचारलं.

"दवाखान्यात," आई म्हणाली.

"वहिनी, तिथं आत सोडणार नाहीत तुम्हाला. त्याची माणसं असतील. काय म्हणतील, काही सांगता येत..."

त्यांची हवा गेली.

"बाहेर बसू," आई म्हणाली.

काकांनी गाडी सुरू केली.